समासातला प्रश्न

फिलाडेल्फियात, चामड्याच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत
आमचं प्रकाशन होतं.
खाली कातडं कापायचे, वर आम्ही वाक्यं.
कागद पिवळा, किंमत स्वस्त,
मुखपृष्ठावर ड्रॅगन हवाच, आत असो वा नसो.
मी मुद्रितशोधक. माझं काम
नसलेल्या देशांचं शुद्धलेखन सांभाळणं.

विल्मा हॉकिन्सन डुलुथहून लिहायची.
दिवसा धान्याच्या कोठारात वजनं नोंदवायची,
रात्री सरोवर गोठताना करकरायचं, ते ऐकत
टाइपरायटर बडवायची.
तिच्या पानांना कधी कधी गव्हाचा कोंडा चिकटलेला असे.

तिच्या जगाला तीन चंद्र:
ऑर्व्हेन, थिल, आणि धाकटा मिस्क.
मी डोळ्यांत तेल घालून यादी ठेवली.
थिल ऱ्हस्व. मिस्क नेहमी पश्चिमेला उगवतो.
नावाड्याच्या डाव्या हाताला चारच बोटं (खंड पहिला, पान ५८),
पाचवं उगवता कामा नये.

तिसऱ्या खंडात, पान दोनशे अकरावर
राणीची होडी किनाऱ्याला लागते. रात्र निरभ्र.
आणि आकाशात दोनच चंद्र.
मी समासात निळ्या पेन्सिलीनं लिहिलं:
"मिस्क कुठे? नजरचूक?"
पानं टपालानं गेली, टपालानं परत आली.
माझ्या अक्षराखाली तिचं अक्षर:
"नजरचूक नाही. पुढे वाच."

पुढचं आलंच नाही.
मार्चमध्ये, जेवणाच्या सुट्टीत,
न्यूयॉर्कच्या कुणीतरी आम्हाला विकत घेतलं.
नवे लोक हिशेबाला पक्के.
दुसऱ्या खंडाची फाडलेली मुखपृष्ठं गठ्ठ्यांनी परत येत होती,
मुखपृष्ठामागचं पुस्तक तिकडेच लगद्यात.
तिसऱ्याचा करार एका परिच्छेदात संपला.
त्या परिच्छेदात दोन चुका होत्या.
मी त्या तशाच जाऊ दिल्या.

मी फोन केला, एकदाच.
"विल्मा, मिस्कचं काय झालं?"
"पैसे देणारेस का?" ती हसली,
हसता हसता खोकली,
मग आम्ही बर्फाबद्दल बोललो.

त्यानंतर मी डिशवॉशरची माहितीपत्रकं तपासली,
औषधांच्या खोक्यातल्या घड्या,
एकदा एका बिशपचं आत्मचरित्र.
कुठेही काहीही हरवलेलं नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात सॅस्काटूनहून पत्र आलं.
आर्लो डेमचुक, ट्रक चालवतो.
चौथीत असताना दोन्ही खंड वाचलेले,
आता मुलीला वाचून दाखवतो.
"नावाडी एकतीस वर्षं बर्फात उभा आहे हो,
मुलगी रोज विचारते, घरी कधी जाणार.
तुमचं नाव आभाराच्या पानावर सापडलं."

विल्मा जाऊन आठ वर्षं झाली.
तिची भाची म्हणाली, तळघरात पाणी शिरलं,
खोक्यांची लापशी झाली,
फावड्यानं काढावी लागली.

काय लिहायचं आर्लोला?
नावाडी तिसऱ्या खंडात होडीत चढतो, एवढं खरं.
पण एक चंद्र नाहीसा झालाय,
आणि ही गोष्ट ठाऊक असलेला
जगात मी एकटा उरलोय.
रबर हातात घेतलं होतं,
समासातलं पुसून पानं स्वच्छ पाठवावीत म्हणून.
मग ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

दोनशे चौसष्ट पानं, सुतळीनं बांधून.
पोस्टातल्या बाईनं काट्यावर ठेवली,
दोन पौंड अकरा औंस.
आत द्रव, ज्वलनशील, नाशवंत काही?
कागद आहेत, मी म्हणालो,
गोष्ट आहे. अर्धवट.
तिनं शिक्का मारला.
अर्धवटाला वेगळा दर नाही, म्हणाली.